रुंद पायरीची माहिती

सकाळी टेबलावर तराजूचा काटा जुळवायला घेतलेला असला की त्या घरात पंखा बंद, खिडक्या बंद, आणि चालायचं ते मांजराच्या पावलांनी. काकूंना याची इतकी सवय झाली होती की दुसऱ्यांच्या घरात वारा आला तरी त्यांचा हात आपसूक खिडकीकडे जायचा. त्या दिवशीही टेबलावर औषधाच्या दुकानातला लहान तराजू दुरुस्तीला आलेला होता. काका चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्याच्या पारड्यात चिमट्याने एक एक बारीक वजन ठेवत होते. काकू ओट्याशी उभ्या राहून पाव भाजत होत्या. घाम मानेवरून ओघळत होता, पण पदराने वारा घ्यायची सोय नव्हती. त्यानेही काटा हलतो म्हणे.

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि काटा हलला.

"झालं!" काका म्हणाले. "बघ गं कोण आहे ते. आणि दार हळू उघड."

दार हळू उघडून काही उपयोग नव्हता, कारण बाहेर शिंपीभाऊ होते. शिंपीभाऊंना हळू काही येत नाही. त्यांच्या मागे औषधवाली ताई, हातात गुंडाळलेला मोठा कागद.

"काका, कपडे बदला, बातमी तशीच आहे!" शिंपीभाऊ चपला काढता काढताच म्हणाले.

"बातमी ऐकायला कपडे कशाला बदलायचे?"

"कारण ती दगडात कोरायचीय!"

ताईने पाव, चहा, वजनं सगळं बाजूला सारून टेबलावर कागद पसरला. काकांनी घाईघाईने तराजू उचलून मांडीवर घेतला. कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'ही पायरी रुंद ठेवली ती ओझी वाहणाऱ्या बायकांना क्षणभर टेकता यावं म्हणून.' आणि खाली जरा बारीक अक्षरांत: 'माहिती : काटेकाकांचा फळा.'

काकूंच्या तव्यावरचा पाव करपला. वास सगळ्यांना आला.

काका आयुष्यभर तराजू दुरुस्त करत आले. वाण्याचे, सोनाराचे, रद्दीवाल्याचे, दवाखान्यातले. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी जुनी गिऱ्हाइकं घरी येतात, म्हणून गल्लीत त्यांचं नाव काटेकाका. आणि काकू आपोआप काटेकाकू, जरी त्यांनी जन्मात कधी वजनाला हात लावला नव्हता. पण काकांची खरी ओळख म्हणजे इमारतीच्या फाटकाशेजारचा फळा. रोज सकाळी ते आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने तो पुसायचे, वाळू द्यायचे, आणि मग एक माहिती लिहायचे. एक दिवस भाषेची, एक दिवस इतिहासाची, एक दिवस अशीच जगातली. 'चावी आणि पगार हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले.' 'मधमाशीला पाच डोळे असतात.' 'शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो.' कामावर जाणारी माणसं तिथे क्षणभर थबकायची आणि ऑफिसात जाऊन ती माहिती स्वतःची म्हणून सांगायची.

आणि काकांचा नियम ठाम होता. गोष्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडली, तरच फळ्यावर. एका ठिकाणी सापडली तर तिचं कात्रण पाकिटात जायचं आणि जोडीदाराची वाट पाहत पडायचं. "दोन्ही पारड्यांत वजन हवं," ते म्हणायचे. मूळ किलोचं वजन, जे तिजोरीत तीन किल्ल्यांनी जपून ठेवलेलं होतं, ते आता प्रमाण राहिलं नाही, किलो यापुढे गणिताने ठरणार, ही बातमी आली तेव्हा काका दोन वेळा नीट जेवले नव्हते. पण फळ्यावर लिहिली. खरी होती ना!

त्यांच्या गल्लीच्या टोकाला खालच्या गल्लीत उतरणारा दगडी जिना आहे. सगळ्या पायऱ्या एकसारख्या अरुंद आणि मधली एकच पायरी ऐसपैस रुंद. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी फळ्यावर ती माहिती आली, आणि तेव्हापासून सगळे तिला 'टेकायची पायरी' म्हणू लागले. शाळेच्या मुलांनी तिची चित्रं काढली. आता जिन्याची डागडुजी निघाली होती, तेव्हा शिंपीभाऊ आणि ताई यांनी नगरपालिकेत खेटे घालून तिथे एक पाटी बसवायची परवानगी आणली होती.

"रविवारी बसवायची," ताई म्हणाली. "फक्त एक बारीकसं राहिलंय काका. नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकात आहे तेवढं सांगा. म्हणजे कागदावर आधार दाखवता येईल. मी म्हटलं, त्याची काळजीच नको, आमच्या काकांकडे आधाराशिवाय काही नसतं."

"नसतंच," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. खूश झाले की होतात. त्यांनी काकूंकडे वळून पाहिलं. "ते कात्रण कुठल्या पाकिटात होतं गं? तूच लिहिलंस ना ते, माझ्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा."

"बघते," काकू म्हणाल्या.

एवढंच. आणि त्या करपलेला पाव खरवडायला लागल्या. खरवडायचा आवाज मोठा होतो, हे बरं असतं.

त्यांना माहीत होतं की पाकिटात काही सापडणार नाही.

मागच्या वर्षी काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पाठोपाठ दोन्ही डोळ्यांचं. पट्टी, थेंब, खाली वाकायचं नाही, वाचायचं तर नावच नको. पण फळा रिकामा राहिला तर ते पट्टीसकट उठून बसले असते. म्हणून काकू लिहायच्या. रोज सकाळी ते सांगायचे, "डाव्या कप्प्यातलं पाकीट घे, त्यातलं वरचं कात्रण," आणि काकू ते पदराला खोचून खाली जायच्या. कॉलेजात त्यांचा इतिहासच विषय होता, अक्षरही चांगलं होतं. पण लग्नानंतर त्या अक्षराने वाणसामानाच्या यादीपलीकडे फारसं काही लिहिलं नव्हतं. खडू हातात घेतला की त्यांना एकदम वीस वर्षांची असल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी दूध उतू गेलं. त्यात मुलीचा फोन, त्यात काकांना डोळ्यांत थेंब घालायचे. काकू धावतपळत खाली गेल्या, फळा पुसला, पदराला हात लावला, तर कात्रण वरच राहिलेलं. पुन्हा जिने चढायचे? तोवर फाटकाशी शिंपीभाऊ, खालच्या गल्लीतली मोठीआई, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, दूधवाला, अशी चांगली मैफल जमली होती.

"काय काकू, आज काय ज्ञान?" शिंपीभाऊ म्हणाले. "की काका झोपले म्हणून ज्ञानही झोपलं?"

सगळे हसले. चेष्टाच होती, साधी. पण काकूंना ती लागली. नवरा आजारी म्हणून आज ज्ञान बंद, म्हणजे घरातल्या बाईकडे ते नसणारच, असं काहीतरी त्यात होतं. 'आज नाही' असं म्हणायची त्यांना लाज वाटली. आणि खडू आपोआप फळ्यावर टेकला. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, आणि ओझी वाहणाऱ्या बायकांबद्दलची ती ओळ एका दमात लिहून टाकली. खाली 'आपणास माहीत आहे का?' हेही, काका लिहितात तसंच.

मोठीआई चष्मा सावरून वाचत राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "कुणी तरी आपला विचार केला होता म्हणायचं."

दिवसभर लोक तेच बोलत होते. संध्याकाळी ताई काकांना बघायला आली तेव्हा म्हणाली, "काका, आजचा फळा म्हणजे काळजाला हात घालणारा होता." काका पट्टीखालून म्हणाले, "कुठलं गं ते? मला आठवेना." आणि काकू म्हणाल्या, "तुमच्याच पाकिटातलं." पटकन, उशी सारखी करता करता. त्यांना वाटलं, उद्या पुसलं जाईल. रोजचं पुसलंच जातं की.

दिवसभर त्या आतून फुलून आल्या होत्या, हे मात्र त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नाही.

पाटीची बातमी आली त्या दुपारपासून काकांनी कात्रणं शोधायला घेतली. डावा कप्पा, उजवा कप्पा, कपाटावरचं खोकं, पलंगाखालचं खोकं. जमिनीवर सगळीकडे कागद. त्यांचं म्हणणं असं की काकूंनी ते परत ठेवताना चुकीच्या पाकिटात टाकलं असणार.

"तुला दोष देत नाही मी," ते म्हणाले. "घाईत होतं असं."

काकूंना ही माफी कानाखाली बसल्यासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरातली पुस्तकं काढली, मग वाचनालयातली. ताईला निरोप पाठवला की एक दिवस थांबा. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी शोधणं थांबवलं. काकूंना आधी सुटल्यासारखं वाटलं. पण ते खुर्चीत नुसतेच बसले होते, हात मांडीवर, समोरचा तराजू फडक्याखाली झाकलेला.

"बस जरा," ते म्हणाले. "मला विचार."

"काय विचारू?"

"फळ्यावरचं. काहीही. सोमवारी काय होतं?"

"अहो, हे काय नवीन?"

"तराजूचा भरवसा वाटेनासा झाला की आपण काय करतो? ठाऊक असलेलं वजन ठेवून बघतो. विचार तू."

काकूंनी विचारलं. सोमवारी काय, त्याच्या आधी काय, पावसाळ्यात बेडकाबद्दल काय लिहिलं होतं, दिवाणखाना शब्द कुठून आला. काका एक एक उत्तर देत गेले. कुठल्या पुस्तकात, कुठल्या बाजूच्या पानावर, तेही. मधे एकदा हसलेही. काकू आधी सोपं विचारत होत्या, मग हळूहळू अवघड, कारण ती बरोबर उत्तरं ऐकून त्यांना बरं वाटत होतं. आणि मग काका म्हणाले, "आता पायरीचं विचार."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"बघ. सगळं सापडतं, तेवढंच सापडत नाही. कोराच आहे मी तिथे. कात्रण कापल्याचं आठवत नाही, दुसरा आधार शोधल्याचं आठवत नाही." त्यांनी चष्मा काढून काचा पुसल्या, स्वच्छ होत्या तरी. "दादाचं असंच सुरू झालं होतं. एकच एक गोष्ट जायची. बाकी सगळं खणखणीत."

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. शेवटी शेवटी ते काकांना 'आपण कोण?' असं अदबीने विचारायचे.

"असं काही नाही हो," काकू म्हणाल्या. "एखादी गोष्ट विसरतो माणूस."

"मी फळ्यावरचं विसरत नाही." ते शांतपणे बोलत होते, त्याचंच जास्त भय वाटलं. "मी ठरवलंय. पाटी बसू दे, मग फळा ताईला देऊन टाकतो. ज्या काट्याला पासंग आलाय त्याने दुसऱ्यांना वजन करून देऊ नये."

पासंग म्हणजे तराजूची एक बाजू जड असणं. गिऱ्हाइकाला हा शब्द सांगताना काका नेहमी आवाज खाली आणायचे, डॉक्टर वाईट आजाराचं नाव सांगताना आणतात तसा. आज तो शब्द ते स्वतःला लावत होते.

काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, बंद केला. एक रिकामं पातेलं उगाच घासलं. त्यांना आठवत होतं की या तीन दिवसांत सांगून टाकायच्या जागा किती होत्या. पाव करपला तेव्हा. खोकं खाली काढायला काका स्टुलावर चढले तेव्हा. आत्ता, प्रश्न विचारताना तर प्रत्येक प्रश्नाला. एवढ्या जागा सोडून दिल्यावर आता सांगायचं म्हणजे नुसतं खोटं सांगायचं नव्हतं, हे सगळे दिवसही सांगायचे होते. तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती, आणि घरात दोनच खोल्या.

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "ते कात्रण नव्हतंच."

"काय?"

"तुम्ही दिलेलं कात्रण मी वर विसरून गेले होते. फळ्यावर लिहिलं ते मी मनाने लिहिलं."

काकांनी चष्मा घातला, जणू त्याशिवाय नीट ऐकू येत नव्हतं. "म्हणजे मी विसरलो नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तुमच्याकडे विसरायला ते नव्हतंच कधी."

काकांनी इतका लांब श्वास सोडला की तराजूवरचं फडकं हललं. काकूंना वाटलं, आता ते हसतील. ते हसले नाहीत.

"मग आत्ता तू मला विचारत होतीस," ते म्हणाले, "बेडकाचं, दिवाणखान्याचं. आणि तुला माहीत होतं."

काकूंना फरशीवरून नजर उचलवेना. "हो."

"मी दादाचं बोललो, तेव्हाही."

"हो."

"का गं?"

"लाज वाटत होती."

"कशाची?"

"आधी सगळ्यांसमोर 'नाही' म्हणायची. मग तुम्हाला खोटं सांगितल्याची. आणि मग तुम्ही जमिनीवर बसून शोधत होतात, त्याची." त्यांनी कोरडे हात पुन्हा पदराला पुसले. "दर वेळी वाटायचं, आता सांगते. आणि दर वेळी लाज आणखी मोठी झालेली असायची."

काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. फडकं काढून त्यांनी तराजूची दांडी बोटाने उचलली, सोडली, काटा डुलत डुलत मधोमध थांबेपर्यंत पाहत राहिले. रागावले की ते काम करतात. भांडण झालं की घरातल्या सगळ्या वजनांना झळाळी येते, हे काकूंना ठाऊक होतं.

मग काट्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "पण हे सुचलं कुठून तुला? ओझी, बायका, टेकणं?"

"मी टेकते ना तिथे पिशवी. भाजीची."

"कधी?"

"रोज."

"रोज?"

"खालच्या गल्लीतून येताना. त्या पायरीशी दम लागतोच. इतकी वर्षं मला वाटायचं, कुणीतरी माझ्यासाठीच केलीय ती."

आता काकांनी वर पाहिलं. मधमाशीचे पाच डोळे मोजून ठेवणारा माणूस, पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की ही गोष्ट त्यांच्या कुठल्याच कप्प्यात नव्हती. त्यांचे कान पुन्हा लाल झाले. या वेळी खुशीने नव्हे.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. आणि मग: "तरी पण तू सांगायला हवं होतंस."

"हो."

"लोकांना तू सांग. मी नाही सांगणार. मी येईन बरोबर."

संध्याकाळी शिंपीभाऊंच्या दुकानात तिघे जमलेले होतेच, रविवारचं ठरवायला. शिंपीभाऊ तोंडात टाचण्या धरून कुणाचीतरी बाही जोडत होते. ताई स्टुलावर, आणि मोठीआई गिऱ्हाइकांच्या बाकावर मांडी घालून. पाटीचा दगड कोरणाऱ्याकडे पोचला होता. अक्षरं उद्यापासून.

काकूंना वाटलं होतं, वाटेत शब्द जुळवता येतील. पण दुकान फारच जवळ होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. कात्रण, चेष्टा, खडू, पट्टी, काकांचं शोधणं, सगळं. बोलताना त्या शिवणयंत्राच्या चाकाकडे बघत होत्या. बोलणं संपलं तरी चाकाकडेच.

शिंपीभाऊंनी तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढल्या. "म्हणजे मी तुम्हाला चिडवलं म्हणून?"

"तुमचा काही दोष नाही भाऊ."

"अहो पण काकू," ताई म्हणाली, "एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय? छान गोष्ट आहे. कुणाचं नुकसान नाही, कुणाला वाईट नाही. मी त्या बाईंना सांगते, ऐकीव आहे म्हणून. ऐकीवही चालतं त्यांना."

"ऐकीव नाहीये," काकू म्हणाल्या. "कुणी सांगितलेलं नाही ते. मी बनवलेलं आहे."

"पण सगळ्यांनी ऐकलंय ना आता? मग झालं की ऐकीव!" शिंपीभाऊ म्हणाले, आणि हसवायचा प्रयत्न केला. पण टाचण्यांची डबी पाडली, म्हणून कुणी हसलं नाही.

काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मदतीचा एक शब्द त्यांनी काढला नाही. ठरल्याप्रमाणेच.

मोठीआई मात्र बाकावरून पुढे सरकली. "नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही बनवलं असेल, पण खरंच आहे ते. माझी सासू टेकायची ना घागर तिथे. मी सगळ्या शाळेच्या मुलांना सांगितलंय. अशी कमरेवरची घागर उतरवायची, पायरीवर ठेवायची, कपाळ पुसायची..." ती थांबली. हात अजून कपाळाशीच होता. "सासूच होती. की..."



"आमच्या घरी तर नळ होता तेव्हा," मोठीआई हळूच म्हणाली. मग तिने काकूंकडे पाहिलं, रागाने नाही, हरवलेल्या माणसाने रस्ता विचारावा तसं. "मग मला आठवतंय ते काय गं?"

घरातून निघताना काकूंना वाटलं होतं की सगळ्यात वाईट ते दुपारीच होऊन गेलं. ते आत्ता झालं. त्यांनी काकांना तीन दिवस स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला लावला, आणि या म्हातारीला आता कायमचा. मोठीआईच्या शेजारी जाऊन त्या बाकावर बसल्या आणि तिचा हात कपाळावरून खाली आणून हातात धरला. यावेळी त्यांनी उत्तर बनवलं नाही.

"मला माहीत नाही मोठीआई," त्या म्हणाल्या.

"हं," मोठीआई म्हणाली. हात तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"आता दगडाचं काय करायचं?" ताईने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदा पडला होता. "त्याला उद्या सकाळी काय सांगू? आणि काकांचं नाव आहे त्यावर."

शिंपीभाऊंनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे.

"दगडाचं तुम्ही ठरवा," काकू म्हणाल्या. "त्यात मी बोलण्याजोगी राहिले नाही. मला एकच मागायचंय. उद्याचा फळा मला लिहू द्या. पायरी रुंद का आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि मागच्या वर्षी लिहिलं ते मी मनाने लिहिलं होतं, काकांनी नाही, एवढंच लिहीन. खाली माझं नाव. आणि माझी दया आली तरी ते संध्याकाळपर्यंत कुणी पुसू नका."